ईआर-पीआरचा रिपोर्ट हातात आला, आता वाचायचा कसा?

ब्रेस्ट कॅन्सरची बायोप्सी झाली की साधारण दोन रिपोर्ट येतात आणि बहुतेक घरांत ते एकाच थैलीत कोंबले जातात, मग कोणता कशाचा तेच समजत नाही. पहिला हिस्टोपॅथॉलॉजीचा, त्यात कॅन्सर आहे की नाही, कोणत्या प्रकारचा, ग्रेड किती (म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात) हे असतं. दुसरा काही दिवसांनी येतो, त्यावर आयएचसी नाहीतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशीतलं ठराविक प्रोटीन रंगवून पाहायची टेस्ट) असं लिहिलेलं असतं आणि खाली चार ओळी: ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७. मी इथं त्या दुसऱ्या कागदाबद्दल लिहून राहिलो. आजकाल तो व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून येतो, डॉक्टरांची वेळ दोन-तीन दिवसांनंतरची असते आणि मधल्या वेळात अख्खं घर गूगल करून करून डोकं खराब करून घेतं. मी डॉक्टर नाही, मॉलिक्युलर बायोलॉजी शिकलो, ह्या ईआर नावाच्या प्रोटीनवरच लॅबमध्ये काम केलं, म्हणून नात्यातले-ओळखीतले लोक फोटो पाठवून विचारतात की भाऊ हे पॉझिटिव्ह आलं, काहून आलं, आता काय. दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. उपचार कोणता ते तुमचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील, पण आपल्या नागपुरातलं मेडिकल असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याचं एनसीआय असो की धंतोलीतलं खाजगी, ओपीडीत तुम्हाला मिळणार थोडीच मिनिटं, आणि कागद काय म्हणतो हे माहीत असलं तर ती मिनिटं कामी लागतात.

पहिले हे डोक्यात पक्कं करा की ईआर पॉझिटिव्ह ही वाईट बातमी नाही. वाईट बातमी पहिल्या रिपोर्टात येऊन गेली. हा रिपोर्ट एकच प्रश्न विचारतो: ह्या गाठीतल्या पेशी अजून इस्ट्रोजेनचं ऐकतात का? ऐकत असतील तर ते ऐकणं बंद पाडायची औषधं आपल्याकडे आहेत, चांगली आहेत, त्यातली एक तर पन्नास वर्षं जुनी आणि स्वस्त आहे. प्रत्येक ओळ हाच प्रश्न समोर ठेवून वाचा, मग आकडे आपोआप लागत जातात.

आता ईआर म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल, इथं घाई करू नका, हे समजलं की पुढचं सोपं आहे. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तेच वीसेक हजार जीन असतात, लिव्हरमध्येही तेच आणि स्तनाच्या पेशीतही तेच, फरक पडतो तो कोणते जीन चालू आहेत आणि कोणते बंद ह्यानं. जीन चालू-बंद करणारी प्रोटीन असतात, ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर हे त्यातलंच एक. इस्ट्रोजेन रक्तातून येतं, पेशीत शिरतं, ईआरला जाऊन चिकटतं, त्यानं ईआरचा आकार बदलतो आणि दोन ईआर जोडीनं डीएनएवर ठराविक जागी बसतात. ती जागा तेरा अक्षरांची असते, जीजीटीसीए, मग मध्ये कोणतीही तीन अक्षरं, मग टीजीएसीसी. सगळ्या जागा इतक्या नेमक्या नसतात, थोडं इकडंतिकडं चालतं. पण नुसती अक्षरं असून भागत नाही, डीएनए तिथं गुंडाळलेला असतो, तो उघडायला दुसरं प्रोटीन लागतं, फॉक्सए-१ नावाचं, ते आधी जाऊन जागा मोकळी करतं आणि मग ईआर बसतो. बसला की आणखी मदतनीस प्रोटीन गोळा होतात आणि जवळचे, कधी कधी बरेच लांबचेही जीन चालू होतात, त्यात सायक्लिन डी-१ सारखे पेशीला विभागायला लावणारे जीनही असतात. वयात येताना, गरोदरपणात हेच सगळं नीट ताब्यात चालतं. कॅन्सरमध्ये हीच यंत्रणा गाठ वाढवायला वापरली जाते.

ही गोष्ट किती जुनी आहे पहा. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन ह्या सर्जनने लिहून ठेवलं की अंडाशय काढल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर काही बायकांत आक्रसतो. काही बायकांतच, सगळ्यांत नाही. काहून काहींतच, ह्याचं उत्तर मिळायला साठ वर्षं गेली, मग शिकागोत एल्वूड जेन्सनने इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून उंदरांना दिलं आणि पाहिलं की ते गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांतच धरून ठेवलं जातं, म्हणजे तिथं त्याला पकडणारं काहीतरी आहे. तेच रिसेप्टर. ज्या गाठीत ते आहे तिच्यावर हार्मोनचा उपचार चालतो, ज्यात नाही तिच्यावर चालत नाही. तुमच्या हातातल्या कागदाची पहिली ओळ इथून आलेली आहे.

चला, ती ओळ वाचू.

ईआरपुढे साधारण टक्केवारी असते, म्हणजे शंभरातल्या किती कॅन्सर पेशींच्या केंद्रकात तपकिरी रंग आला. केंद्रकातच काहून, तर ईआर डीएनएवर बसून काम करतो आणि डीएनए तिथं असतो. १ टक्का किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. १ ते १० टक्के असेल तर २०२० पासूनच्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार त्याला 'लो पॉझिटिव्ह' म्हणायचं असतं, कारण अशा गाठी बऱ्याचदा ईआर निगेटिव्हसारख्याच वागतात, हार्मोनच्या गोळीचा फायदा होईलच असं सांगता येत नाही. त्यामुळं ९० टक्के आणि ५ टक्के दोन्हीवर पॉझिटिव्हच लिहिलेलं असलं तरी दोन्ही सारखे नाहीत, शेजारच्या काकूंना फक्त गोळी दिली मग आपल्या आईला केमो कशाला असं म्हणत डॉक्टरांवर संशय घेण्याआधी दोन्ही रिपोर्टांवरचे आकडे पहा.

टक्क्यासोबत रंग किती गडद ते असतं, वीक, मॉडरेट, स्ट्राँग. काही लॅब दोन्ही मिळून ऑलरेड स्कोअर देतात, त्याची रीत अशी की किती पेशी ह्याला ० ते ५ आणि गडदपणाला ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त ८. ३ आणि त्याच्या वर पॉझिटिव्ह. (ह्या स्कोअरमध्ये १ कधीच येऊ शकत नाही, एक जरी पेशी रंगली तरी दोन्हीकडून एकेक मिळून २ होतात, त्यामुळं कोणी १ लिहून दिलं तर टायपिंगची चूक आहे समजा.) काही ठिकाणी एच-स्कोअर असतो, तो ३०० पर्यंत जातो, त्यामुळं एका रिपोर्टात ८ आणि दुसऱ्यात २७० पाहून घाबरू नका, मोजपट्टी वेगळी आहे.

आता लोक जे अजिबात पाहत नाहीत ते सांगतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो खरंच निगेटिव्ह आहे की तुकडा खराब झाला होता? ईआर हे प्रोटीन आहे, गाठीतून तुकडा काढला की ते नासायला लागतं. काढल्यापासून तासाभरात तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला पाहिजे, दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला पाहिजे. आपल्या भागात हीच अडचण आहे. गडचिरोलीत, गोंदियात, नाहीतर तिकडं छिंदवाडा-बालाघाटला ऑपरेशन होतं, डबा पिशवीत घालून नातेवाईक एसटीनं नागपूरला आणतात, शनिवारी संध्याकाळी पोचतात तर लॅब बंद, सोमवारी उघडते. कधी डब्यात फॉर्मॅलिनऐवजी नुसतं सलाइन असतं. मग ईआर निगेटिव्ह येतो आणि कोणाला शंकाही येत नाही. म्हणून गावी ऑपरेशन होणार असेल तर आधीच विचारून ठेवा की तुकडा कशात टाकणार, किती वाजता टाकला ते डब्यावर लिहा, आणि डबा बंद पडून राहणार नाही असा दिवस पहा. मोठी गाठ असेल तर ती कापून ठेवावी लागते, नाहीतर फॉर्मॅलिन आत पोचतच नाही, हेही सर्जनना विचारायला हरकत नाही.

रिपोर्टवर 'इंटर्नल कंट्रोल' असा शब्द शोधा. गाठीच्या बाजूला थोड्या निरोगी दुधनलिका तुकड्यात आलेल्या असतात, त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच, त्यामुळं त्यांना रंग आला पाहिजे. त्या रंगल्या आणि कॅन्सरच्या पेशी रंगल्या नाहीत तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो. त्याही रंगल्या नसतील तर टेस्टच बिघडली, परत करायला लागते. आणि पहिला रिपोर्ट जोडून पहा: ग्रेड १ ची गाठ, किंवा लोब्युलर, ट्युब्युलर, म्युसिनस असा प्रकार आणि ईआर निगेटिव्ह, हे जरा विचित्र आहे, ह्या गाठी बहुतेक ईआर पॉझिटिव्हच असतात. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, डॉक्टर, हे रिपीट करून घेता येईल का. चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःच करतात.

पीआरची ओळ. माझी आवडती, आणि लोक हिच्यावरून सरळ पुढं जातात. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, दुसऱ्या हार्मोनचा. मग इस्ट्रोजेन अडवायच्या औषधासाठी प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर काहून मोजायचा? कारण पीआर बनवणारा जीन ईआरच चालू करतो. १९७५ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅकग्वायर ह्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला की ईआर आहे एवढं पाहून भागत नाही, तो काम करतो का पहायचं तर त्यानं चालू केलेला जीन पहा. घराला मीटर आहे म्हणून लाइन आहे असं होत नाही ना, मे महिन्यात कूलर फिरून राहिला की नाही ते पाहूनच आपण लाइन आहे म्हणतो. ईआर हा मीटर, पीआर हा कूलर. दोन्ही पॉझिटिव्ह, तेही जास्त टक्क्यांनी, तर ईआरचा जीनवरचा ताबा शाबूत आहे आणि तो तोडला तर गाठीला लागणार. ईआर पॉझिटिव्ह पण पीआर निगेटिव्ह असेल तर गोळी बंद असं अजिबात नाही, ती देतातच, पण अशी गाठ सरासरीने जरा जास्त हट्टी असते, बाकीच्या गोष्टी पाहून डॉक्टर जास्तीचं काही द्यायचं ठरवू शकतात. उलटं, ईआर निगेटिव्ह आणि पीआर पॉझिटिव्ह असं आलं तर भुवया उंचावा, हे फार क्वचित होतं, चालू करणाराच नाही तर जीन चालू कसा झाला? बऱ्याचदा ईआरची टेस्ट नीट लागलेली नसते. परत करून पहायला सांगा.

हर-टू पटकन सांगतो कारण तो हार्मोनचा मामला नाही. हे प्रोटीन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतं, म्हणून रंग कडेला येतो. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, २+ म्हणजे ठरत नाही, मग फिश नावाची टेस्ट, त्यात जीनच्या प्रती मोजतात. फिशचा रिपोर्ट येईपर्यंत २+ ला ना पॉझिटिव्ह म्हणायचं ना निगेटिव्ह, नातेवाइकांना फोन करून सांगायचं तर बिलकुल नाही. पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधं असतात. १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ ला आजकाल हर-टू लो म्हणतात, आजार पसरलेला असेल तर २०२२ पासून त्यावरही एक औषध आहे, म्हणून तो आकडा निगेटिव्ह म्हणून विसरू नका, फाइलमध्ये राहू द्या.

केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभागायच्या चक्रात आहेत. ५ किंवा खाली असेल तर संथ, ३० किंवा वर असेल तर जोरात, आणि मधल्या आकड्यावर फार डोकं लावू नका, १८ आणि २२ मधला फरक मोजणाऱ्या माणसावरही असतो, ह्या लॅबचा त्या लॅबशी जुळत नाही.

ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह आले तर ट्रिपल निगेटिव्ह. आपल्या देशात ह्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतं. त्यात हार्मोनची गोळी चालत नाही, केमो मुख्य, काहींना इम्युनोथेरपी, आणि बीआरसीए जीनची (वारशाची, पुढं येतंच) तपासणी करायची का हे तेव्हा नक्की विचारा.

गोळ्यांकडे येऊ. लोक म्हणतात डॉक्टरांनी हार्मोन सुरू केलं, आणि मग हार्मोननंच झालं होतं ना, परत तेच काहून देतात, म्हणून सासूबाई गोळी बंद करायला लावतात, असं मी ऐकलंय. ह्या गोळ्या हार्मोन देत नाहीत, हार्मोनचं काम थांबवतात. दोन तऱ्हा आहेत. टॅमॉक्सिफेन ईआरच्या आत इस्ट्रोजेनच्याच जागी जाऊन बसतं, पण ईआरचा आकार बरोबर होऊ देत नाही, त्यामुळं तो डीएनएवर बसला तरी मदतनीस गोळा होत नाहीत आणि जीन बंदच राहतो. गंमत म्हणजे हे रसायन १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत गर्भनिरोधक म्हणून शोधलं, उंदरांत चाललं, बायकांत उलटंच झालं, आणि मग कॅन्सरकडे वळलं. दुसरी तऱ्हा म्हणजे लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन, ह्या इस्ट्रोजेन तयार करणारं अरोमाटेज नावाचं एन्झाइमच अडवतात. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवत नाही पण चरबीत वगैरे हे एन्झाइम थोडं थोडं बनवत राहतं, म्हणून ह्या गोळ्या पाळी गेलेल्या बायकांसाठी. पाळी चालू असताना एकट्या दिल्या तर मेंदूला इस्ट्रोजेन कमी दिसतं आणि तो अंडाशयाला आणखी जोरात कामाला लावतो, त्यामुळं सोबत अंडाशय शांत करायचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन लागतं. इथं एक मोठी गफलत होते: केमोनं पाळी थांबली म्हणजे पाळी गेली असं नाही. चाळिशीतल्या बाईची सहा महिन्यांनी, वर्षानं परत येऊ शकते. म्हणून लेट्रोझोल लिहून दिली असेल आणि वय पन्नासच्या आत असेल तर रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) पाहिलं का, हे विचाराच. पाळीसारखं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

ह्यावरून आठवलं, रक्तातले हार्मोन नॉर्मल आहेत मग हार्मोन पॉझिटिव्ह कसं, हाही नेहमीचा प्रश्न. रक्तात हार्मोन किती आणि गाठीत ते ऐकणारा रिसेप्टर आहे का ह्या दोन वेगळ्या गोष्टी. हार्मोन नॉर्मलच असतं, ऐकणारा जास्त झालाय. आणि सोयाबीन! आपल्या विदर्भाचं पीक, म्हणून हा प्रश्न इथं जास्तच येतो. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे दिसणारे घटक असतात हे खरं, ते ईआरला चिकटतातही, पण जेवणातल्या सोयाबीननं कॅन्सर परत येतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, वड्यांची भाजी खा बिनधास्त. त्याच्या कॅप्सूल मिळतात त्या मात्र डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

टॅमॉक्सिफेनचा एक विचित्र स्वभाव आहे, स्तनात ते ईआर बंद करतं पण गर्भाशयाच्या अस्तरात थोडं चालू करतं. गोळी तीच, ईआर तोच, मदतनीस प्रोटीन वेगळी, म्हणून परिणाम उलटा. ह्यातून व्यवहारात घ्यायचं ते असं की पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर अंगावरून रक्त गेलं तर ते साधं समजून घरी बसू नका, गायनॅककडे जा. पोटरी सुजली, दुखली, दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा तर लगेच. हाडांना मात्र टॅमॉक्सिफेन पाळी गेल्यावर उलट मदतच करतं. लेट्रोझोलच्या घराण्यात नेमकं उलटं, गर्भाशयाची चिंता नाही पण हाडं ठिसूळ होतात आणि सांधे दुखतात, सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत म्हणतात बायका, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि व्हिटॅमिन डी कधी पहायचं ते विचारून ठेवा. सांधेदुखीला कंटाळून गोळी गुपचूप सोडणाऱ्या भरपूर असतात. सोडू नका, सांगा, त्याच घराण्यातली दुसरी गोळी काहींना सोसते. कोर्स पाच वर्षांचा, काहींना दहा.

आणखी एक, हे डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकतं कारण दुसरी गोळी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली असते. टॅमॉक्सिफेन लिव्हरमध्ये सीवायपी-२डी-६ नावाच्या एन्झाइमनं एंडॉक्सिफेन होतं आणि खरं काम तेच करतं. डिप्रेशनची पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधं त्या एन्झाइमला अडवतात. त्यामुळं चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात घालून ओपीडीत न्या, यादीवर भरवसा नको, पाकिटंच न्या. मनानं अशी एखादी गोळी एकदम बंदही करू नका, बदलून मिळते.

जीन टेस्टचा घोळ. रिपोर्टात जीन-बिन वाचलं की घरचे विचारतात मुलीला होईल का. ईआर पॉझिटिव्ह हे वारशानं येत नाही, ती त्या गाठीची अवस्था आहे. वारशाचा प्रश्न बीआरसीए-१, बीआरसीए-२ सारख्या जीनमधल्या बिघाडाचा, तो रक्तातून तपासतात, आणि ती तपासणी कोणाची करायची हे वय, घरातला इतिहास, ट्रिपल निगेटिव्ह आहे का ह्यावर ठरतं. तिसरीच टेस्ट म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स, ती गाठीच्या तुकड्यावर होते, २१ जीन किती जोरात चालू आहेत ते मोजते, त्यात ईआर, पीआर आणि ईआरचे दोन सोबती एका गटात आहेत, आणि उत्तर ० ते १०० मध्ये. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकरच्या स्टेजला केमो टाळता येईल का हे ठरवायला ती असते. महाग आहे. माझं मत विचाराल तर, ज्या ठिकाणी डॉक्टरांचा निर्णय खरंच अडलाय तिथंच पैसे घाला, केमो लागणारच किंवा लागणारच नाही हे बाकी रिपोर्टांवरून स्पष्ट असेल तर नाही. सरळ विचारायचं, ह्याचं उत्तर काहीही आलं तर तुमचा निर्णय बदलेल का?

पुरुषांचंही दोन ओळीत घेऊन टाकतो, कारण प्रोस्टेटमध्ये अगदी हीच कथा आहे. तिथं हार्मोन टेस्टोस्टेरॉन, रिसेप्टर अँड्रोजन रिसेप्टर, आणि ज्या पीएसए नावाच्या प्रोटीनसाठी आजोबांचं दर तीन महिन्यांनी रक्त काढतात तो पीएसए बनवणारा जीन हाच रिसेप्टर चालू करतो. म्हणजे पीआरचं काम तिथं पीएसए करतो, फक्त तो रक्तात सापडतो म्हणून सोपं. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्सने टेस्टोस्टेरॉन थांबवून पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर दबतो हे दाखवलं, १९६६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉन थांबवायचं इंजेक्शन सुरू झालं आणि पीएसए पडला तर जीनवरचा ताबा सुटला. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शननं पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून आधी बायकाल्युटामाइडच्या गोळ्या देतात, त्या आणायला विसरू नका. पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो बरं का, ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि पुरुषांतला हा कॅन्सर बहुतेक ईआर पॉझिटिव्हच असतो.

आजार काही वर्षांनी परत आला तर जुन्या ईआरवर चालू नका. परत आलेल्या गाठीची नवी बायोप्सी शक्य असेल तर करतात, कारण पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालेलं असू शकतं, निगेटिव्हचं पॉझिटिव्हही. आणि लेट्रोझोलसारखी गोळी बरीच वर्षं घेतल्यावर काही गाठींत ईआरचा जीन, त्याचं नाव ईएसआर-१, तोच बिघडतो, मग रिसेप्टर इस्ट्रोजेन नसतानाही चालूच राहतो. अशा वेळी इस्ट्रोजेन कितीही कमी करा, उपयोग नाही, रिसेप्टरलाच पाडावं लागतं, फुल्वेस्ट्रंट ते करतं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रंट नावाची गोळी खास ह्याच बिघाडासाठी मंजूर झाली. हा बिघाड रक्ताच्या टेस्टमध्येही सापडू शकतो.

म्हणूनच जुना ब्लॉक जपायचा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा, तो लॅबकडे असतो, दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला जाणार असाल तर ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नुसता रिपोर्टचा कागद नेऊन काम होत नाही. लॅब सही घेऊन देते. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) जाऊन रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक वेगळी ठेवा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या, काउंटरवरच, घरी येऊन नाही. काखेतल्या गाठीचा ब्लॉक वेगळा असतो, तोही मोजा. आणि उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नका, ते मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी केलेली गाडी आतून किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रेनमध्येही, आणि मुंबईहून परत आणताना पुन्हा नंबर मोजून घ्या.